संग्रहातली गाणी तीच, मग ऐकताना 'ते' का वाटत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांनी १९८६ च्या सुमारास मस्कतहून आणलेली ब्रिटिश गायक हॉवर्ड जोन्सची कॅसेट तुमच्या घरी पट्टी झिजेपर्यंत वाजली. आता तुम्ही त्याच्या गाजलेल्या गाण्यांचा 'बेस्ट ऑफ' संग्रह सीडीवर घेतलात. गायक तोच, गाणी तीच, आवाज कितीतरी स्वच्छ. तरी दोन-तीन गाणी थकल्यासारखी वाटतात, एका गाण्याच्या मधला मोठा तुकडा सीडीवर नाहीच, 'नो वन इज टू ब्लेम' तर निराळंच वाटतं, आणि पूर्वी पोटात जे हलायचं ते आता हलत नाही. दोष संग्रहात आहे की कानात, आणि संग्रह ठेवावा की मूळ अल्बम शोधावेत, असं तुम्ही विचारलं आहे.

जुन्या टेप डिजिटल करणं आणि त्यांची सीडीशी तुलना करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि हा प्रश्न त्यात सतत येतो. माझं मत आधी सांगतो: तुमचा कान ठीक आहे. तुम्हाला जे आठवतं आहे ते नुसतं गाणं नाही. त्या गाण्याची एक ठरावीक आवृत्ती, ठरावीक वेगाने, ठरावीक यंत्रावर वाजलेली, अशी ती आठवण आहे. संग्रहाने या तिन्ही गोष्टी बदलल्या आहेत. कोणती किती बदलली हे तुमच्या टेपवर अवलंबून आहे, म्हणून ते शोधायचं कसं हे खाली क्रमाने लिहितो.

सुरुवात आवृत्तीपासून, कारण 'नो वन इज टू ब्लेम'चं कोडं तिथेच सुटतं. हे गाणं दोनदा ध्वनिमुद्रित झालं आहे. पहिलं १९८५ च्या 'ड्रीम इन्टू ॲक्शन' अल्बमवर आहे, निर्माता रूपर्ट हाइन. ते मोकळं, कीबोर्डवर तोललेलं, भोवती भरपूर जागा असलेलं आहे. दुसरं १९८६ मध्ये गायक-ड्रमर फिल कॉलिन्स आणि निर्माता ह्यू पॅजम यांच्या हाताखाली नव्याने बनलं. त्यात ड्रम कॉलिन्सने वाजवले आहेत आणि मागचा आवाजही त्याचा आहे. अमेरिकेत ४ थ्या क्रमांकापर्यंत गेली ती ही दुसरी आवृत्ती. साहजिकच गाजलेल्या गाण्यांचा संग्रह काढणारा हीच घेतो, कारण 'गाजलेलं' हेच आहे. तुमची टेप जर १९८५ च्या अल्बमवरून भरलेली असेल, तर तुम्ही बालपणभर पहिली आवृत्ती ऐकलीत आणि सीडीवर तुम्हाला दुसरी मिळाली. ओळखायची खूण सोपी आहे. गाणं भरात आल्यावर खऱ्या ड्रमचा जाड ठोका आणि गायकाच्या मागे दुसरा पुरुषी आवाज येत असेल, तर ती कॉलिन्सची आवृत्ती.

'लाइक टू गेट टू नो यू वेल'चं तसंच काहीसं आहे. ते १९८४ मध्ये स्वतंत्र सिंगल, म्हणजे एका गाण्याची सुटी तबकडी, म्हणून आलं, त्याच्या वेष्टनावर ऑलिंपिकच्या मूळ भावनेला अर्पणपत्रिका होती. ते 'ड्रीम इन्टू ॲक्शन'च्या काही आवृत्त्यांत नंतर घातलं गेलं, सगळ्यांत नाही. म्हणजे नुसते मूळ अल्बम जमवले तर हे गाणं हातातून निसटण्याची शक्यता आहे. संग्रहाचा खरा उपयोग इथे होतो.

तिसरा प्रकार बारा इंची तबकडीचा. त्या काळी बहुतेक सिंगल सात इंची आणि बारा इंची अशा दोन रूपांत निघत. सात इंचीवर रेडिओला सोयीची साडेतीन-चार मिनिटांची काटछाट, तर बारा इंचीवर नाचण्यासाठी ताणलेली सहा-सात मिनिटांची. बारा इंची तबकडी बहुधा मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने फिरे आणि तिच्या खाचा रुंद असत, त्यामुळे खर्ज दमदार येई. आखाती देशांत स्थानिक पातळीवर भरलेल्या टेपवर जागा भरून काढायला या लांब आवृत्त्या टाकलेल्या असू शकतात. 'गाण्याच्या मधला एक मोठा तुकडा सीडीवर नाहीच' असं जे तुम्ही लिहिलं आहे, त्याचं कारण बहुधा हे. जोन्सच्या अशा लांब आवृत्त्यांचा स्वतंत्र संग्रह १९८४ मध्येच निघाला होता. तो मिळाला तर जरूर घ्या.

आता वेग. 'थकल्यासारखं वाटतं' हे तुमचे शब्द मला सगळ्यांत बोलके वाटले. कॅसेटचा प्रमाण वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. घरगुती डेकमध्ये तो दोन-तीन टक्के इकडेतिकडे असणं नेहमीचं, आणि एका डेकवरून दुसऱ्यावर टेप उतरवली की दोन्ही डेकच्या चुका एकमेकींत मिसळतात. भरणारा डेक हळू फिरत असेल तर तीच टेप नीट डेकवर जलद वाजते. तीन टक्के जलद म्हणजे सूर किती चढतो? हार्मोनियमवर शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं, म्हणजे पांढरी आणि तिच्या लगतच्या काळीमधलं, अंतर सुमारे सहा टक्क्यांचं असतं. तीन टक्के म्हणजे त्याच्या निम्मं. पेटी जुळवणारा हे लगेच पकडेल. बाकीच्यांना सूर बदललेला कळत नाही, फक्त गाणं उत्साही किंवा मरगळलेलं वाटतं. तुमचा कान वर्षानुवर्षं चढ्या सुराला सरावला असेल, तर बिनचूक सीडी ओढल्यासारखी वाटणारच.

आणि हो, सामान्य श्रोत्याला सूर इतका लक्षात राहतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेव्हिटिन यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगीताचं खास शिक्षण असण्याची अट न घालता त्यांनी लोकांना आवडती, एकाच ध्वनिमुद्रणातून माहीत असलेली गाणी आठवून गायला सांगितली. सुमारे ४० टक्के लोकांनी दोनपैकी निदान एका प्रयत्नात मूळ ध्वनिमुद्रणाचा सूर बिनचूक पकडला. टेपचा वेग चुकला असेल तर कान तो चुकलेला सूरच जपतो.

तपासायचं कसं ते लिहितो. आधी टेप वाजण्याजोगी करा. इतकी वर्षं पडून असलेली पट्टी थेट वाजवू नका. एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. कॅसेटच्या तोंडाशी पट्टीला डेकच्या हेडवर, म्हणजे पट्टीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा फेल्टचा छोटा तुकडा असतो, तो बघा. त्याचा डिंक वाळून तुकडा गळून पडला असेल तर तारसप्तकच हरवतं आणि लोक टेपला दोष देतात. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन डेकचं हेड आणि धातूची फिरती दांडी पुसा. रबरी चाकावर अल्कोहोल भिजवून ओतू नका, ओझरतं पुसा, नाहीतर रबर कडक होतं.

मग हेडचा कोन, म्हणजे ॲझिमथ. ज्या डेकवर टेप भरली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन वेगळा असेल तर तीक्ष्ण आवाज विझतो. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवाला स्क्रू असतो. त्याची आधीची जागा रंगाच्या ठिपक्याने खुणावून ठेवा. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोमध्ये ऐका आणि स्क्रू अगदी थोडा, एका वेळी फेरीच्या आठव्या हिश्श्याने फिरवा. झांजेचा 'स्स' सगळ्यांत लख्ख जिथे येतो ती जागा बरोबर. डॉल्बीचं, म्हणजे टेपची खरखर कमी करणाऱ्या सोयीचं, बटण याच्या नंतर. पट्टीवर डॉल्बी बी वापरून भरलेलं असेल आणि तुम्ही बटण बंद ठेवलंत तर आवाज चरचरीत येतो. न वापरता भरलेल्या टेपवर बटण चालू ठेवलंत तर तो घोंगडीखालून आल्यासारखा येतो. कोन चुकलेला असताना डॉल्बी लावली तर ती चूक दुप्पट होते, म्हणून क्रम बदलू नका.

टेपचं संगणकावरचं ध्वनिमुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर घ्या. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. त्याहून वर ढकलण्यात काही फायदा नाही आणि एखादा ठोका कापला गेला तर तो परत येत नाही.

आता सीडीवरचं तेच गाणं, तीच आवृत्ती, शेजारी ठेवा. सुरुवातीचा स्पष्ट ठोका आणि शेवटाजवळचा स्पष्ट ठोका निवडून दोन्हींकडे त्यांच्यामधले सेकंद मोजा. गाणं विझत जातं तिथलं टोक घेऊ नका, ते प्रत्येक आवृत्तीत वेगळं असतं. समजा सीडीवर २४० सेकंद आणि टेपवर २३३. भागाकार १.०३, म्हणजे टेप तीन टक्के जलद. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलण्याची सोय आहे. वेग आणि सूर दोन्ही एकत्र बदलणारी निवडा, कारण टेपने तसंच केलेलं असतं. बहुतेक लोक टेप दुरुस्त करतात. तुम्ही आधी उलटं करून बघा: सीडीची प्रत तीन टक्के जलद करा आणि ऐका. थकवा गेला तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

तिसरी गोष्ट यंत्राची आणि त्याच्याही आधी मास्टरिंगची, म्हणजे छपाईपूर्वी आवाजाची पातळी आणि समतोल ठरवण्याची, आणि इथे जरा थांबतो, कारण सिंथ-पॉपवर, म्हणजे सिंथेसायझर या विजेच्या वाद्यावर बेतलेल्या जोन्ससारख्यांच्या संगीतावर, याचा परिणाम इतर संगीतापेक्षा जास्त होतो.

संग्रह बनवताना १९८३ चं गाणं आणि १९८९ चं गाणं एका दमात ऐकलं तर आवाजाची पातळी उडू नये, म्हणून सगळी एका पातळीला आणली जातात. नंतरच्या पुनर्मुद्रणांत ही पातळी आणखी वर ढकलली जाते, आणि त्यासाठी ठोक्यांची टोकं लिमिटरने, म्हणजे ठरावीक मर्यादेवरचा आवाज दाबणाऱ्या यंत्रणेने, छाटली जातात. आता जोन्सच्या सुरुवातीच्या गाण्यांची बांधणी बघा. खाली रोलंड टीआर-८०८ या ताल वाजवणाऱ्या यंत्राचे कोरडे, टोकदार ठोके. मध्ये मूग प्रॉडिजी किंवा प्रो-वन यांच्यासारख्या एका वेळी एकच स्वर काढणाऱ्या सिंथचा खर्ज. वर रोलंड ज्युपिटर-८ या सिंथच्या लांब स्वरांची चादर. ठोका आणि चादर यांच्यातला आवाजाचा फरक हाच या संगीताचा श्वास आहे. लिमिटर ठोका खाली दाबतो, मग एकूण पातळी वाढवली की चादर वर येते आणि गायकाच्या अंगाला चिकटते. गिटार-ड्रमच्या बँडमध्ये खोलीची नैसर्गिक गुंज थोडंफार सांभाळून घेते. इथे तशी खोलीच नाही, बरीचशी वाद्यं तारेतून थेट मिक्सरमध्ये गेलेली.

ज्युपिटर-८ च्या चादरीबद्दल एक बारकावा. तिच्या प्रत्येक स्वरामागे दोन ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारे भाग, असतात आणि ते मुद्दाम किंचित बेसूर ठेवतात. एक ४४० हर्ट्झवर, दुसरा ४४१ वर ठेवला तर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा अगदी एकजीव न होता जो जिवंतपणा देतात, त्याच्या जवळचा हा परिणाम. त्यात कॅसेटचा स्वतःचा बारीक डळमळीतपणा मिसळला की हेलकाव्यावर हेलकावा चढतो. लांबवलेल्या स्वरांवर तो सर्वांत जास्त जाणवतो, म्हणून 'हाइड अँड सीक'सारखं संथ गाणं टेपवर धुक्यातून येत असल्यासारखं वाटतं आणि सीडीवर कोरडं. ती सीडीची चूक नाही. धुकं तुमच्या टेपचं होतं.

तुलना करताना एक पथ्य पाळा. दोन आवृत्त्या ऐकताना एक डेसिबलनेही मोठी असलेली कानाला 'चांगली' वाटते. दोन्हींची सरासरी पातळी एलयूएफएस मीटरवर (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजणारं परिमाण) मोजा आणि मोठी असलेली खाली आणा, उदाहरणार्थ दोन्ही उणे १८ वर. मगच मत बनवा. हे न करता केलेल्या तुलनेवर मी विश्वास ठेवत नाही.

१९८० च्या दशकातली मूळ सीडी वापरलेल्या मालात मिळाली तर आणखी एक खाच आहे. तेव्हाच्या काही सीडींवर प्री-एम्फॅसिस असे, म्हणजे तीक्ष्ण आवाज मुद्दाम वाढवून ठेवलेला आणि प्लेअरने तो वाजवताना उतरवायचा. संगणकावर उतरवताना बरीच सॉफ्टवेअर ही खूण पाहत नाहीत, आणि सर्वांत वरच्या पट्ट्यात आवाज सुमारे ९ डेसिबलने जास्त राहतो. फाइल बोचरी वाटली पण तीच सीडी जुन्या प्लेअरवर मऊ वाटली, तर हेच झालं आहे. डी-एम्फॅसिस लावलं की फाइल सरळ होते.

एवढं करूनही काही उरतं, आणि ते यंत्रात सापडत नाही. माणसाला साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त आणि जास्त ठळक आठवतात, हे मानसशास्त्रात पक्कं आहे, आणि तेव्हाचं संगीत त्या आठवणींशी बांधलेलं असतं. पण मग त्याच वयात ऐकलेलं प्रत्येक गाणं असं का ओढत नाही? माझ्या मते सिंथ-पॉपची ओढ वेगळी असण्याचं कारण त्याचे आवाज तारखेचे शिक्के आहेत. पियानो १९२० मध्येही तसाच वाजायचा. टीआर-८०८ मात्र १९८० मध्ये आलं आणि तीन वर्षांत बनायचं थांबलं. ज्युपिटर-८ १९८१ चा. यामाहा डीएक्स-७ हा सिंथ १९८३ मध्ये आला आणि त्याचा काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो पुढची काही वर्षं जिकडेतिकडे घुमला. कॉलिन्स आणि पॅजम यांच्या नावाशी जोडला गेलेला, गुंज मध्येच कापलेला ड्रमचा ठोका त्याच दशकाचा. सरावलेला कान नुसत्या दोन सेकंदांवरून वर्ष सांगू शकतो, दोन-तीन वर्षांच्या फरकाने. म्हणजे शब्द किंवा चाल ओळखण्याआधी आवाजानेच तुम्हाला त्या वर्षात नेऊन सोडलेलं असतं.

म्हणून संग्रह ऐकताना क्रमाला फार महत्त्व आहे. १९८३ चं 'न्यू साँग' कॉलिन थर्स्टनने बनवलेलं, पुढचं बहुतेक काम रूपर्ट हाइनचं. १९८५ च्या 'थिंग्ज कॅन ओन्ली गेट बेटर'मध्ये टीकेओ हॉर्न्स या वादकगटाची खरी पितळी वाद्यं येतात. १९८६ मध्ये कॉलिन्सचे ड्रम. १९८९ च्या 'एव्हरलास्टिंग लव्ह'पर्यंत सगळा पोतच बदललेला असतो. वर्षांच्या क्रमाने ऐकलं तर हा प्रवास लागतो. उलटसुलट क्रमाने किंवा शफल करून ऐकलं तर दर चार मिनिटांनी वर्ष बदलतं आणि मन कुठेच टेकत नाही. तुमच्या प्लेअरवर गाणी वर्षांप्रमाणे लावून एकदा ऐका.

जोन्सच्या बाबतीत ओढीचा दुसराही झरा आहे. तो मँचेस्टरच्या रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये पियानो शिकलेला. गाणी सिंथवर सजवलेली असली तरी हाडं पियानोची आहेत. १३ जुलै १९८५ रोजी वेंब्लीच्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत तो सगळी यंत्रं बाजूला ठेवून एकटा पियानोवर बसला आणि 'हाइड अँड सीक' गायला. १९९६ मध्ये त्याने विजेच्या वाद्यांशिवायचा मैफलीचा अल्बमही काढला. तुमची ओढ आवाजाची आहे की चालीची, हे कळायला हा अल्बम ऐका. पियानोवरही पोटात हललं, तर तुम्हाला कुठलीही बरी सीडी पुरेल. नाही हललं, तर तुम्हाला यंत्रं आणि टेप हवी आहेत, आणि मग वरची सगळी खटपट सार्थ आहे.

विकत काय घ्यावं? संग्रह ठेवा, कारण सुटी सिंगल त्यातच एकत्र आहेत. त्याच्या जोडीला 'ह्यूमन्स लिब' (१९८४) आणि 'ड्रीम इन्टू ॲक्शन' (१९८५) हे दोन अल्बम घ्या, शक्यतो सुरुवातीच्या छपाईचे. स्ट्रीमिंगवर शोधताना फक्त गाण्याचं नाव टाकू नका. 'व्हॉट इज लव्ह' टाकलं तर हॅडवेचं १९९३ चं नाचगाणं येतं, 'थिंग्ज कॅन ओन्ली गेट बेटर' टाकलं तर डी:रीम या गटाचं, आणि 'एव्हरलास्टिंग लव्ह' नावाचं तर १९६० च्या दशकातलं वेगळंच प्रसिद्ध गाणं आहे. गायकाचं नाव जोडा, आणि 'पुनर्ध्वनिमुद्रित' किंवा 'लाइव्ह' अशी बारीक अक्षरांतली खूण तपासा.

तुम्ही टेपच्या दोन्ही बाजूंची गाणी क्रमाने आणि प्रत्येकाची लांबी मिनिट-सेकंदांत लिहून पाठवलीत, आणि कव्हरवर डॉल्बीची खूण आहे का ते सांगितलंत, तर कोणतं गाणं कोणत्या तबकडीवरून भरलं होतं हे बऱ्यापैकी ओळखता येईल. लांबी वरच्या भागाकाराने दुरुस्त करूनच लिहा, नाहीतर सात इंची आणि अल्बमची आवृत्ती एकमेकांत मिसळतील.